सोराबजींची गाणी रेकॉर्ड करायची आहेत: माइकचा प्रश्न सगळ्यात शेवटी

नंतर वाचणाऱ्यांसाठी मूळ प्रश्न थोडक्यात सांगतो. प्रश्नकर्त्या मूळच्या पुण्याच्या, सध्या इंग्लंडमध्ये पियानोची साथसंगत शिकताहेत. त्यांची एक सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी) मैत्रीण आहे आणि कॉलेजातलं एक स्ट्रिंग क्वार्टेट तयार आहे. कैखुश्रू शापुरजी सोराबजींची गाणी आणि पहिली पियानो क्विंटेट रेकॉर्ड करून अल्बम काढायचा विचार आहे, कारण "ही गाणी आजवर कुणीच रेकॉर्ड केलेली नाहीत". हाताशी साडेतीन हजार पौंड आहेत. माइक कोणते घ्यावेत, चर्च बरं की स्टुडिओ, किती दिवस लागतील, आणि संगीतकाराचे वडील मुंबईचे पारशी होते तर अल्बमला थोडं भारतीय अंग द्यावं का, असं त्यांनी विचारलंय.

आधी एक दुरुस्ती. "कुणीच रेकॉर्ड केलेली नाहीत" हे खरं नाही. सोप्रानोसाठीची सोराबजींची गाणी एलिझाबेथ फार्नम आणि पियानोवर मार्गारेट काम्पमायर यांनी सेंटॉर या अमेरिकन कंपनीसाठी बरीच वर्षं आधी रेकॉर्ड केली आहेत. त्यामुळे "जगात प्रथमच" ही ओळ कव्हरवर छापण्याआधी नीट चौकशी करा. माझ्या मते यात तुमचा फायदाच आहे. पहिलं असण्याचं ओझं गेलं, आता चांगलं करण्याकडे लक्ष देता येईल. फक्त तुमची गाणी पूर्ण बसेपर्यंत ती सीडी ऐकू नका. कमी ऐकलेल्या संगीतात एकच आवृत्ती कानात बसली की तिच्यातल्या चुकाही आपल्याला स्वरलिपीचाच भाग वाटायला लागतात.

खरा मुद्दाही इथेच आहे. शूबर्टचं गाणं रेकॉर्ड करताना श्रोता अर्धं काम करतो. त्याने ते गाणं दहा गळ्यांतून ऐकलेलं असतं, एखादा शब्द दबला तरी तो मनातून भरून काढतो. सोराबजींच्या गाण्याला ही सवलत नाही. रेकॉर्डिंगमध्ये जे ऐकू आलं तेवढंच गाणं. पियानोतली मधली ओळ ऐकू आली नाही तर श्रोत्यापुरती ती लिहिलेलीच नाही. म्हणून अशा संगीतात मी पैसे आणि वेळ ठरावीक क्रमाने घालतो: आधी स्वरलिपी, मग तालीम, मग पियानो आणि तो लावणारा माणूस, मग जागा, मग समोर स्कोअर उघडून बसणारा प्रोड्यूसर, आणि उरलंच काही तर माइक. तुमचा प्रश्न याच्या बरोब्बर उलट्या टोकाने सुरू झालाय. त्यात नवल नाही, माइकचे कॅटलॉग वाचायला मजा येते.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. सोराबजींचा जन्म १८९२ मध्ये एसेक्समधल्या चिंगफर्डचा. वडील मुंबईचे पारशी इंजिनिअर, आई इंग्लिश. १९८८ मध्ये, ९६ व्या वर्षी, डॉर्सेटमध्ये गेले. पियानोसाठी त्यांनी अवाढव्य लिहिलं. 'ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकुम' चार तासांच्या पुढे जातं. ते त्यांनी स्वतः १९३० मध्ये ग्लासगोत वाजवलं. १९३६ मध्ये लंडनमध्ये दुसऱ्या कुणीतरी त्याचा पहिला भाग वाजवला आणि तो सोराबजींना इतका खटकला की त्यानंतर कुणी आपलं काही जाहीरपणे वाजवावं हे त्यांना नकोच झालं. विद्रूप होऊन ऐकवलं जाण्यापेक्षा न ऐकवलेलं बरं, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. ही गाठ १९७६ मध्ये सुटली, पियानोवादक योंटी सॉलोमन यांना त्यांनी परवानगी दिली तेव्हा. दरम्यान ते कॉर्फ कॅसलच्या गावात राहत होते आणि दारावर पाहुण्यांना मज्जाव करणारी पाटी होती. 'विक्षिप्त' हे विशेषण तिथून चिकटलं. किस्से मजेदार आहेत, पण पुस्तिकेत त्यांना एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा देऊ नका. पाटीची गोष्ट सगळे सांगतात आणि गाण्याबद्दल कुणी बोलत नाही, हेच तर या माणसाच्या वाट्याला आलं.

गाणी मागे पडण्याचं कारणही तसंच आहे. आठ-आठ, नऊ-नऊ तासांच्या पियानो रचनांनी सगळं लक्ष खाल्लं. त्या आकड्यांची बातमी होते, तीन-चार मिनिटांच्या गाण्याची होत नाही. पण आवाज आणि पियानोसाठी त्यांनी १९१५ पासून लिहिलंय. व्हर्लेन, बोदलेर, मालार्मे, पिअर लुईस अशा फ्रेंच कवींवर जीव होता. त्या काळातल्या गाण्यांत देब्युसी आणि स्क्रिआबिन यांची सावली स्पष्ट दिसते, आणि तरीही पियानो एकदम अंगावर येतो तो या माणसाचाच.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगतो. तुमच्या मैत्रिणीचा आवाज वरच्या पट्टीत किती वेळ टिकतो, मला ठाऊक नाही. कुठला पियानो मिळणार आहे, ठाऊक नाही. क्वार्टेटमधले चौघे परीक्षेच्या दिवसांत तालमीला किती वेळा येतील, हे त्यांनाही ठाऊक नसेल. खाली लिहितो ते माझ्या कामाच्या सवयीवरून, तुमच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी बदलू शकतात.

कार्यक्रमापासून सुरुवात करा, आणि क्विंटेट या खेपेला सोडा. मला कल्पना आहे, त्या चौघांना वाईट वाटेल. पण १९१९-२० ची ती क्विंटेट म्हणजे पाच जणांनी महिनोन्‌महिने घासायचं काम आहे. पियानो जवळजवळ एकट्यानेच सगळी जागा भरून टाकतो आणि चार तंतुवाद्यं त्यातून वर काढायची म्हणजे तालमीतच निम्मा बॅलन्स साधावा लागतो, तो नंतर मिक्समध्ये येत नाही. साडेतीन हजारांत गाणी आणि क्विंटेट दोन्ही होतील, पण दोन्ही कच्ची होतील. तंतुवादकांना घ्यायचंच असेल तर सोराबजींनी उतारवयात, १९७९ मध्ये, बासरी आणि स्ट्रिंग क्वार्टेटसाठी लिहिलेलं 'इल तेस्सुतो दाराबेस्की' पाहा. इंग्लिश संगीतकार डिलियसच्या स्मृतीला अर्पण केलेलं आहे. १९३० मध्ये सोराबजींनी स्वतः वाजवलेलं 'ल जार्दँ पार्फ्युमे' रेडिओवर ऐकून डिलियसने त्यांना कौतुकाचं पत्र लिहिलं होतं, त्यामुळे या अर्पणाला जुना धागा आहे. 'इल तेस्सुतो'त पियानोच नाही. अल्बमच्या मधोमध पियानोचा आवाज थांबला की कानाला विसावा मिळतो आणि तुमच्या बोटांनाही.

गाण्यांत मी असं निवडेन: १९१८-१९ ची 'त्र्वा पोएम', म्हणजे बोदलेरचं एक आणि व्हर्लेनची दोन गाणी, त्याच सुमाराची व्हर्लेनवरची 'त्र्वा फेत गालांत', सुरुवातीच्या काळातली 'अपारिसिआँ'सारखी एक-दोन सुटी गाणी, आणि फारसी कवी सादीच्या 'गुलिस्ताँ'मधल्या मजकुरावरची १९२६ ची तीन गाणी (ती कुठल्या आवाजासाठी लिहिलीत ते आधी पाहा). शेवटच्या संचाबद्दल पुढे बोलतो, तुमच्या 'भारतीय अंगा'च्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. सगळं मिळून पन्नासेक मिनिटं झाली तरी पुरे. असं दाट संगीत तासाच्या पुढे नेलं की श्रोता ऐकतो, पण घेत नाही.

आता स्वरलिपी. इथे मी जरा रेंगाळणार आहे. सोराबजींच्या काही रचना १९२१ ते १९३१ या काळात छापल्या गेल्या, बाकी बहुतेक हस्तलिखितात राहिल्या. मूळ कागदांपैकी बरेचसे आता स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या पाउल झाखर फाउंडेशनमध्ये आहेत. प्रती मिळतात त्या सोराबजी आर्काइव्हकडून. संगीतकार अ‍ॅलिस्टर हिंटन यांनी हे आर्काइव्ह १९८८ मध्ये सुरू केलं. अनेक रचना अभ्यासकांनी आणि वादकांनी कॉम्प्युटरवर नव्याने टाइपसेट केल्या आहेत, त्याही तिथूनच मिळतात. माझा आग्रह असा की गाण्याची टाइपसेट प्रत असेल तरी हस्तलिखिताची किंवा जुन्या छापील आवृत्तीची प्रतही मागवा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. खर्च फार नसतो, आणि सेशनमध्ये वाद झाला की तीच उपयोगी पडते.

वाद कशावर होतो? बहुतेक वेळा शार्प-फ्लॅटवर, म्हणजे स्वर अर्ध्याने चढवायच्या-उतरवायच्या खुणांवर. नेहमीच्या लेखनात शार्पची खूण त्या बारच्या शेवटापर्यंत चालते. सोराबजींकडे ती ज्या स्वरापुढे लिहिली त्या स्वरापुरतीच, लगेच तोच स्वर पुन्हा आला किंवा बांधून पुढे गेला तरच टिकते. हे डोक्याला कळतं, पण वाचनाच्या वेगात डोळा जुन्या सवयीवर जातो. पियानोवादक एक वाचतो, गायिका दुसरं वाचते, आणि संगीत इतकं रंगीत असतं की दोन्ही 'बरोबर' वाटतं. दुसरी गोष्ट क्लेफची, म्हणजे पंचरेषेवर कुठला स्वर कुठे वाचायचा हे सांगणाऱ्या खुणेची. पियानोच्या तीन-तीन पंचरेषा आणि घाईचा हात असला की क्लेफ बदलायचा राहून जातो. अशा ठिकाणी मी काय करतो ते सांगतो. संशयास्पद कॉर्ड दोन्ही क्लेफमध्ये वाचून पाहतो आणि पुढच्या-मागच्या बारमध्ये हाताची ठेवण कुठे जुळते ते बघतो. सोराबजी स्वतः पियानोवादक होते. हात मोडेल अशी उडी ते घेतात, पण कारणाशिवाय घेत नाहीत. एका वाचनात डावा हात जागच्या जागी बसत असेल आणि दुसऱ्यात विनाकारण दोन सप्तकं उडत असेल, तर उत्तर बहुतेक मिळालेलं असतं.

अशा सगळ्या शंकांची यादी करा: पान, बार, स्वर, तुमचा निर्णय, आणि त्याचं कारण. ती आर्काइव्हला पाठवा, तिथून जाणकार माणसांपर्यंत पोचता येतं. क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठातले मार्क-आंद्रे रोबेर्ज यांनी सोराबजींवर आयुष्यभराचं काम केलंय आणि त्यांची रचनासूची इंटरनेटवर मोफत आहे, तीही चाळा. निर्णय झाले की ते प्रत्येकाच्या प्रतीत एकसारखे लिहून घ्या. एका दुसऱ्याच अप्रकाशित रचनेच्या सेशनमध्ये मी प्रोड्यूसर होतो. गायिकेच्या प्रतीत नॅचरल (न चढवलेला, न उतरवलेला स्वर), पियानोच्या प्रतीत फ्लॅट, आणि हस्तलिखिताची प्रत कुणाच्या तरी घरी. भाड्याचा हॉल, भाड्याचा पियानो, ताशी पैसे घेणारा ट्यूनर, आणि सगळे एका स्वरापाशी उभे. शेवटी दोन्ही प्रकारे गाऊन ठेवलं आणि निर्णय एडिटिंगवर टाकला. असले निर्णय घरच्या टेबलावर फुकट होतात.

वेग आणि जोर यांच्या खुणाही सोराबजी पुष्कळदा हात राखून देतात. ते तुम्ही दोघींनी ठरवायचं. १९६० च्या दशकात मित्रांनी त्यांचं घरचं वादन टेपवर उतरवून ठेवलंय, त्यातलं काही जरूर ऐका. अमुक स्वर काय, याचा निकाल मात्र त्यावरून लावू नका, कारण ते स्वतःच्याच लिहिलेल्यापासून मोकळेपणाने दूर जातात आणि त्या टेपांवर गाणीही नाहीत. पण ओघ कसा हवा, पेडल किती सोडलेलं, गर्दीतही घाई कशी नाही, हे त्यातून कळतं.

तालमीत माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: गायिका स्वर कुठून उचलणार? या गाण्यांत पियानो आवाजाला हात धरून नेत नाही. तो स्वतःच्या वाटेने चाललेला असतो आणि गाण्याची ओळ त्यावरून तरंगत जाते. प्रत्येक प्रवेशाआधी पियानोच्या गर्दीत तिचा स्वर, किंवा त्याच्या जवळचा एखादा, शोधून दोघींच्या प्रतीत रंगीत पेन्सिलीने गोल करा. सेशनच्या दिवशी दमल्यावर ते गोल कामाला येतात. फ्रेंच उच्चारासाठी शिकवणाऱ्याचे दोन तास घ्याच. बोलताना गिळला जाणारा शेवटचा 'अ' गाताना बहुतेक वेळा उच्चारायचा असतो, त्याला स्वर दिलेला असतो. तो किती जड ठेवायचा यावर ओळीचा तोल ठरतो. वरच्या पट्टीत शब्द पूर्ण कळणार नाहीत, हे गृहीत धरा. कुठले शब्द कळलेच पाहिजेत ते मात्र ठरवून ठेवा.

आणि एकदा लोकांसमोर गा. कॉलेजची खोली, कुणाचा दिवाणखाना, पंधरा माणसं, काहीही चालेल. माइकसमोर पहिल्यांदाच पूर्ण गाणं सलग गायलं जातंय, ही वेळ येऊ देऊ नका. तो कार्यक्रम फोनवर रेकॉर्ड करा. बॅलन्स कुठे बिघडतो हे साध्या फोनवरही कळतं.

जागेबद्दल. चर्च स्वस्त पडतं आणि सोप्रानोला तिथे गायला छान वाटतं. पण घुमारा लांब असेल तर सोराबजींचा पियानो चिखल होतो. मी या गाण्यांसाठी दीड सेकंदाच्या आसपास घुमारा असलेली, लाकूड जास्त असलेली मध्यम खोली पसंत करेन. इंग्लंडमध्ये सफकमधला पॉटन हॉल, सरेतला मेन्यूइन हॉल, मॉनमथजवळचं वायस्टोन अशा जागा चेंबर संगीताच्या रेकॉर्डिंगसाठी वापरल्या जातात. त्या तुमच्या बजेटमध्ये बसतात का ते विचारून बघा. तुमच्या कॉलेजचा रिसायटल हॉल सुटीत मिळाला तर तोच सगळ्यात शहाणपणाचा पर्याय, कारण पियानो आणि ट्यूनर दोन्ही ओळखीचे असतात. कुठेही ठरवा, आधी ज्या वारी आणि ज्या वेळी सेशन असेल त्या वेळी जाऊन दहा मिनिटांची शांतता रेकॉर्ड करा आणि घरी हेडफोनवर मोठ्याने ऐका. विमानाचा मार्ग, चर्चचं घड्याळ, गवत कापायचं मशीन, छतातले पारवे, रेडिएटरची टिकटिक. जाताना काहीच जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये सगळं येतं. सेशनच्या वेळी हीटिंग बंद करावं लागेल, आणि खोली गार पडली की पियानोचा सूर हलतो. म्हणून ट्यूनर सुरुवातीला एकदा येऊन गेला की झालं, असं धरू नका. मधल्या सुटीत त्याने पुन्हा हात फिरवायला हवा. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

आता माइक, एकदाचे. बरी, कमी खरखरीची ओम्नी (सगळ्या दिशांनी आवाज घेणाऱ्या) माइकांची जोडी भाड्याने घ्या. साधारण अर्ध्या मीटरच्या अंतराने, माणसाच्या डोक्याच्या वर, पियानोपासून दोन-अडीच मीटरवर सुरुवात करा आणि एका वेळी पाऊलभर पुढे-मागे सरका. या एका जोडीवर आवाज आणि पियानो दोन्हींचा बॅलन्स बसेपर्यंत बाकी काही उभं करू नका. त्यानंतर गायिकेसाठी मीटर-सव्वा मीटरवर एक माइक, किंचित वरून खाली झुकलेला, आणि तो मिक्समध्ये जेमतेम कळेल इतकाच. त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर न्यावासा वाटला की समजा मुख्य जोडीची जागा चुकलीय.

पियानो गायिकेला झाकतो म्हणून लोक झाकण अर्धं करतात. इथे तसं करू नका. झाकण खाली आणल्यावर वरचे स्वर बोथट होतात आणि खालची गर्दी तशीच राहते, म्हणजे नेमकं नको ते उरतं. झाकण पूर्ण उघडं ठेवा आणि गायिकेची जागा बदला. मला आवडणारी मांडणी अशी की गायिका पियानोकडे तोंड करून माइकांच्या पलीकडे उभी राहते, म्हणजे दोघींना एकमेकींचे श्वास दिसतात. मैफिलीत असं उभं राहता येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये कोण बघतंय! २४ बिट ठेवा. ९६ किलोहर्ट्झ मिळत असेल तर उत्तम, ४८ ने काही बिघडत नाही. सगळ्यात मोठ्या क्षणालाही वर दहा डेसिबल जागा रिकामी राहू द्या. पानं उलटायचा आवाज टाळायला टॅबलेट आणि पायाचं बटण वापरा, पण त्या बटणाची खटखट आधी तपासा.

दिवस किती? तीन तासांच्या सेशनमध्ये अशा संगीताची वापरता येणारी आठ-दहा मिनिटं निघाली तर मी समाधानी असतो. सोप्रानोने दिवसाला दोनपेक्षा जास्त सेशन गाऊ नयेत आणि सगळ्यात उंच गाणं पहिल्या सेशनच्या दुसऱ्या तासात ठेवावं, गळा तापलेला असतो आणि थकलेला नसतो. म्हणजे पन्नास मिनिटांना तीन दिवस हवेत. दोनच परवडत असतील तर गाणी कमी करा, वेग वाढवू नका. प्रत्येक गाण्याचे आधी दोन पूर्ण टेक घ्या, मग विभाग, मग अडलेले बार. अडलेला बार घेताना चार बार आधीपासून सुरू करा आणि चार बार पुढे जा. पेडलमध्ये साठलेला आवाज मागून आला नाही तर एडिट जुळत नाही. जोड देण्याची उत्तम जागा म्हणजे एखादं ठसठशीत व्यंजन किंवा पियानोचा ठळक आघात. लांबलेल्या स्वराच्या मध्यात जोड द्यायचा मोह टाळा. शेवटचा कॉर्ड पूर्ण विरेपर्यंत कुणीही हलायचं नाही, आणि रोज निघताना रिकाम्या हॉलचा एक मिनिट आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा.

प्रोड्यूसर तुम्ही स्वतः होऊ नका. वाजवताना स्वतःचं ऐकणं वेगळं आणि स्कोअरवर बोट ठेवून दुसऱ्याचं ऐकणं वेगळं. कॉलेजातला रचनाशास्त्र शिकणारा एखादा विद्यार्थी, ज्याला ही स्वरलिपी वाचता येते आणि "पुन्हा" म्हणायची लाज वाटत नाही, तो महागड्या माइकपेक्षा जास्त उपयोगाचा.

हक्कांचं आधी बघा, नंतर नाही. सोराबजी १९८८ मध्ये गेले, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्यांच्या रचना २०५८ च्या अखेरपर्यंत कॉपीराइटखाली आहेत, भारतात २०४८ च्या अखेरपर्यंत. बोदलेर-व्हर्लेन मोकळे आहेत, पण भाषांतरित मजकुराचे आणि अलीकडच्या कवींचे हक्क वेगळे तपासावे लागतात. नव्या टाइपसेट आवृत्तीवर संपादकाचाही हक्क असू शकतो. आर्काइव्हला एकाच पत्रात विचारा: अमुक गाणी, अमुक आवृत्ती, सीडी आणि स्ट्रीमिंग दोन्ही, व्हिडिओ असेल तर तोही. व्हिडिओची परवानगी सहसा वेगळी घ्यावी लागते.

कंपनीबद्दल थोडक्यात: दुर्लक्षित संगीतकारांसाठीच काम करणाऱ्या टोकाटा क्लासिक्ससारख्या कंपन्या आहेत. पण आजकाल रेकॉर्डिंगचा खर्च बहुधा कलाकारच उचलतात, हे धरून चला. पूर्ण तयार मास्टर (अंतिम रेकॉर्डिंग) पाठवण्याआधी दोन गाणी आणि योजनेचं एक पान पाठवा.

राहिलं भारतीय अंग. तानपुरा नको, कव्हरवर गेटवे नको. सोराबजी स्वतःला पारशी म्हणवून घेत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. 'भारतीय' हे लेबल मात्र त्यांना अजिबात रुचत नसे. 'तांत्रिक सिंफनी' नावाची त्यांची पियानो रचना आहे, तिच्या भागांना चक्रांवरून नावं आहेत, पण तिच्यात राग शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. त्यांचं पूर्वेचं आकर्षण इराणच्या वाटेने आलेलं आहे, तेही फ्रेंचमधून. म्हणूनच मी 'गुलिस्ताँ'ची तीन गाणी सुचवली: सादीचा फारसी मजकूर, फ्रेंच भाषांतर, आणि मुंबईच्या पारशी बापाचा इंग्लंडमध्ये वाढलेला मुलगा. नातं आहे ते हे. पुस्तिकेत सादीच्या मजकुराचा मराठी किंवा गुजराती अनुवाद छापलात तर मुंबईत तो वाचणारे लोक आहेत. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणारा पारशी श्रोता तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि एनसीपीए या मुंबईच्या कलाकेंद्रात तुम्हाला तो भेटेल. मात्र तिथे गाऊन दाखवायचं झालं तर प्रयोगाची परवानगी पुन्हा वेगळी.

सेशनचे सगळे कच्चे टेक दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि शंकांची ती यादी अंतिम निर्णयांसह आर्काइव्हला परत पाठवा. पुढे कुणी क्विंटेटला हात घालेल, कदाचित तुम्हीच, तेव्हा सोराबजींचा हात कसा वाचायचा याचा काहीतरी आधार असेल.

मैत्रिणीचा आवाज सर्वात वर कुठपर्यंत आरामात जातो आणि कॉलेजच्या हॉलमध्ये कुठला पियानो आहे, ते कळवलंत तर गाण्यांचा क्रम आणि माइकच्या जागा यांबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.